धुऊन टाकण्यासाठी केलेला लेप

इतिहासात ज्या वस्तूंना जागा मिळते त्या बहुधा टिकलेल्या वस्तू असतात. नाणी टिकतात, ताम्रपट टिकतात, तोफा टिकतात. म्हणून त्यांच्याविषयी ग्रंथ लिहिले जातात. आज मी ज्या वस्तूची हकीकत सांगणार आहे ती टिकावी अशी कुणाची इच्छाच नसते. ती एखाद्या पृष्ठभागावर पातळ लेपासारखी पसरतात, तिच्यावर उजेड पाडतात, तिच्याकडून काम करून घेतात आणि मग ती धुऊन टाकतात. आपल्या खिशातल्या टेलिफोनमध्ये नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात. त्यांतला एकूणएक या लेपाच्या हाताखालून गेलेला असतो. पण तो तुकडा फोडून भिंगाखाली धरलात तरी ज्या लेपाने त्यावरच्या रेघा आखल्या त्याचा मागमूस सापडायचा नाही.

शास्त्रज्ञ या पदार्थाला प्रकाशसंवेदी बहुवारिक म्हणतात; कारखान्यात त्याला नुसते 'रेझिस्ट' म्हणतात. बहुवारिक म्हणजे लहान रेणूंच्या कड्या गुंफून झालेली लांबच लांब साखळी. लाख, सरस, डिंक, रबर ही निसर्गाने केलेली बहुवारिके किंवा त्यांचीच भावंडे. बेकलाइट आणि नायलॉन ही माणसाने केलेली. यांतली काही अशी असतात, किंवा तशी करता येतात, की त्यांच्यावर उजेड पडला म्हणजे त्यांचा स्वभाव पालटतो. विरघळणारे विरघळेनासे होते, नाहीतर न विरघळणारे विरघळू लागते. किमया काय ती एवढीच. उजेड जिथे पडला तिथे एक, सावली जिथे राहिली तिथे दुसरे. मग धुतले की सावलीचे चित्र लेपात उमटते, आणि उघड्या पडलेल्या जागी आम्ल घालून खालचा धातू किंवा काच खाऊ दिली, की ते चित्र कायमचे कोरले जाते. लेपाने झाकलेली जागा मात्र आम्लाला दाद देत नाही. रेझिस्ट हे नाव त्यावरूनच पडले.

मी शिकवतो इतिहास. रसायनशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तरीही हा विषय मला मोह घालतो, याचे कारण असे की विद्युतयुगाचे हे अगदी नवे वाटणारे साधन वीजशास्त्रज्ञांनी शोधलेले नाही. ते त्यांनी छापखान्यातून उसने घेतले; आणि छापखान्यात ते त्याआधी सव्वाशे वर्षे राबत होते.

प्रारंभ फ्रान्समध्ये होतो. शालों-सुर-सोन या गावाजवळच्या सँ-लू-द-व्हारेन या खेड्यात नीसेफोर न्येप्स नावाचा एक सधन आणि खटपट्या गृहस्थ राहत असे. त्या काळी युरोपात शिळाछापाचे वेड पसरले होते. शिळाछाप म्हणजे काय हे मराठी वाचकाला फोड करून सांगायला नको. गणपत कृष्णाजींनी १८३१ च्या सुमारास मुंबईत पहिल्याने छपाई केली ती दगडावरच, आणि आपल्या आज्यापणज्यांच्या पोथ्या शिळाप्रेसवरच छापल्या जात. दगडावर तेलकट शाईने लिहायचे, दगड ओला करायचा, वर शाईचा रूळ फिरवायचा. तेलाला शाई धरते, पाण्याला धरत नाही. न्येप्सला यात एकच अडचण होती. त्याला स्वतःला चित्र काढता येत नव्हते. तेव्हा चित्र काढण्याचे काम सूर्यावरच सोपवता येईल का, असा विचार त्याच्या मनात आला. आळसाने म्हणा की नाइलाजाने म्हणा, पण फार मोठा विचार होता तो.

त्याने निवडलेला पदार्थ म्हणजे 'ज्युडियाचे डांबर', मृत समुद्राच्या परिसरातून येणारे एक जातीचे शिलाडांबर. धातूवर कोरीवकाम करणारे कारागीर आम्लापासून धातूचा बचाव करण्यासाठी डांबराचा लेप आधीपासूनच वापरत. हे डांबर लव्हेंडरच्या तेलात विरघळते. पण त्यावर ऊन पडले म्हणजे ते आडमुठे बनते, मग तेलात विरघळत नाही. न्येप्सने एका कोरीव चित्राचा कागद तेलाने पारदर्शक केला, डांबर लावलेल्या कथिलाच्या पत्र्यावर ठेवला आणि पत्रा उन्हात मांडला. रेघांच्या सावलीतले डांबर मऊ राहिले, तेवढे तेलाने निघून आले. मग आम्ल घालून पत्रा कोरला आणि छापायला घेतला. कार्डिनल आंब्वाझ याचे चित्र त्याने या रीतीने १८२६ मध्ये उतरवले. त्याच सुमारास, १८२६ किंवा १८२७ मध्ये, त्याने असाच एक डांबर लावलेला पत्रा कॅमेऱ्याच्या पेटीत घालून आपल्या माडीच्या खिडकीत ठेवला. आज उपलब्ध असलेले, कॅमेऱ्याने घेतलेले जगातले सर्वांत जुने छायाचित्र ते हेच. ते कित्येक वर्षे बेपत्ता होते, १९५२ मध्ये पुन्हा सापडले आणि पुढे अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात गेले.

या खिडकीच्या चित्रामुळे न्येप्स छायाचित्रणाचा जनक ठरला, आणि ते योग्यच आहे. पण माझ्या मते त्याचे खरे वारस छायाचित्रकार नव्हेत. छायाचित्रणाने थोड्याच वर्षांत डांबर टाकून चांदीचे क्षार धरले, कारण डांबराला तासन्तास ऊन लागे. कार्डिनलच्या चित्राची रीत मात्र, म्हणजे लेप, सावली, धुणे, कोरणे, ही चारही पावले तीच राहून, आजच्या चिपच्या कारखान्यात जशीच्या तशी चालू आहे. न्येप्सला आज त्या कारखान्यात नेऊन उभा केला तर यंत्रे पाहून तो भांबावेल. पण काय चालले आहे हे त्याला घटकाभरात उमजेल.

डांबरानंतर आला सरस. एडिंबरोच्या मंगो पाँटन याने १८३९ मध्ये दाखवले की पोटॅशियम डायक्रोमेटच्या पिवळ्याजर्द द्रावणात भिजवलेला कागद उजेडाने तपकिरी होतो. हा फरक नुसता रंगाचा नव्हता. १८५२ मध्ये टॉल्बट या इंग्रजाने हेच डायक्रोमेट जिलेटिनमध्ये, म्हणजे शुद्ध सरसामध्ये मिसळले आणि पाहिले की उजेड लागलेले जिलेटिन पाण्याला दाद देत नाही. १८५५ मध्ये पॉइतव्हँ या फ्रेंच इंजिनियराने त्यावरून दगडावर छायाचित्र छापण्याची रीत बसवली. आत काय घडते ते थोडक्यात असे: उजेडाने डायक्रोमेटमधल्या क्रोमियमचे रूप पालटते, आणि ते नवे क्रोमियम सरसाच्या शेजारशेजारच्या साखळ्यांना टाके घालून बांधून टाकते. सुट्या दोऱ्यांची गुंडी पाण्यात सुटते. विणलेले कापड सुटत नाही. उजेडाने विणकाम केले म्हणा ना.

या सरसाच्या लेपाचा पहिला मोठा गिऱ्हाईक कोण असावा? सरकार. त्यातही नकाशाचे खाते. इंग्लंडच्या ऑर्डनन्स सर्व्हेचे प्रमुख कर्नल हेन्री जेम्स यांच्या साउदॅम्प्टनच्या कचेरीत १८६० च्या सुमारास 'फोटोझिंकोग्राफी' सुरू झाली: नकाशाचे छायाचित्र घ्यायचे, त्याच्या काचेखाली सरस-डायक्रोमेटचा कागद उन्हात ठेवायचा, शाई लावून कोमट पाण्याने धुवायचा, आणि उरलेली शाईची रेघ जस्ताच्या पत्र्यावर दाबून उतरवायची. हाताने नकाशा नकलणाऱ्या कारकुनांच्या पलटणीचे काम एक कॅमेरा करू लागला. हिंदुस्थानात ही विद्या येण्यास वेळ लागला नाही. जमिनीची मोजणी आणि महसूल हा ज्या राज्याचा कणा, त्याला नकाशांच्या हजारो प्रती हव्याच होत्या. कलकत्त्यास सर्व्हे ऑफ इंडियाच्या छायाचित्र शाखेत जेम्स वॉटरहाउस याने १८६६ पासून तीस वर्षे या कामी घालवली. आणि पुण्यात सरकारी फोटोझिंकोग्राफिक ऑफिस निघाले. मुंबई इलाख्यातल्या तालुक्यांच्या जुन्या नकाशांच्या कोपऱ्यात त्या कचेरीचे नाव बारीक अक्षरांत छापलेले असते. दप्तरखान्यात बसून असे नकाशे चाळणारे आपण इतिहासवाले सीमा पाहतो, गावांची नावे पाहतो, ओढे पाहतो. ती रेघ कागदावर कशी आली याचा विचार कशाला करू! ती एका लेपातून आली, आणि लेप त्याच दिवशी गरम पाण्याबरोबर वाहून गेला.

मग आले ब्लॉकमेकर. वर्तमानपत्रात छायाचित्र छापायचे तर त्याचा जस्ताचा किंवा तांब्याचा ब्लॉक करावा लागे, आणि तो करताना धातूवर डायक्रोमेट घातलेला माशाचा सरस, अंड्यातला पांढरा बलक, नाहीतर चपडी लाख चढवीत. होय, आपली लाख! पळस-बोरीच्या फांद्यांवर इवल्याशा किड्यांनी घातलेली. तिच्यात अमोनिया आणि डायक्रोमेट घालून केलेला लेप ब्लॉकच्या धंद्यात 'कोल्ड एनॅमल' म्हणून ओळखला जाई. ऑफसेट येईपर्यंत ही ब्लॉकची विद्या आपल्याकडे घरोघर नसली तरी पेठोपेठी होती. ब्लॉकमेकरच्या अंधाऱ्या खोलीत पिवळा दिवा असे, कारण डायक्रोमेटच्या लेपाला निळा-जांभळा प्रकाश लागतो. पिवळ्याला तो ओळख दाखवीत नाही. आजच्या चिपच्या कारखान्यातही लेप चढवण्याचे दालन अंगभर पिवळ्या उजेडात बुडालेले असते. कारण तेच.

परंतु सरस-डायक्रोमेटच्या लेपात एक खोड होती आणि ती काही केल्या जाईना. उजेड नसला तरी तो आपोआप कडक होत जाई. सकाळी केलेला पत्रा संध्याकाळी बिनकामाचा. हवा दमट आणि उष्ण असेल तर त्याहून लवकर. म्हणजे लेप दरवेळी ताजा घोटायचा, आणि प्रत्येक घोटणाऱ्याचा हात वेगळा. कारागिराच्या हातगुणावर चालणारा धंदा होता तो. बाटलीत भरून, चिठ्ठी चिकटवून, आगगाडीने हजार मैलांवर पाठवता येईल असा लेप कुणाजवळ नव्हता.

तो अमेरिकेत रॉचेस्टर येथे ईस्टमन कोडॅक कंपनीत लुई मिन्स्क आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केला. एक जुनी गोष्ट रसायनशास्त्रज्ञांना ठाऊक होती: दालचिनीशी नाते सांगणारे एक आम्ल आहे, सिनॅमिक आम्ल, त्याचे स्फटिक उन्हात ठेवले तर दोन-दोन रेणू एकमेकांना मिठी मारून जोड्या होतात. मिन्स्कच्या मंडळींनी हे दालचिनीचे रेणू एका कृत्रिम बहुवारिकाच्या साखळीवर लोंबत्या घुंगरांसारखे बसवले. आता उजेड पडला की एका साखळीचे घुंगरू दुसऱ्या साखळीच्या घुंगराला अडकते, साखळ्या एकमेकींत गुंततात आणि लेप विरघळेनासा होतो. अंधारात मात्र काही घडत नाही. या कामाची पेटंटे १९५२ आणि १९५४ ची आहेत. 'कोडॅक फोटो रेझिस्ट' या नावाने तो लेप बाटलीत भरून विकायला आला. गिऱ्हाईक अर्थातच छपाईचे पत्रे करणारे, आणि थोड्याच दिवसांत विजेच्या मंडळांचे छापील फलक करणारे. सरसाची, लाखेची, अंड्याची सद्दी संपली आणि नेमका हवा तसा घडवलेला रेणू आला तो येथे. पुढे जे घडले त्याची मिन्स्कला कल्पना असण्याचे कारण नव्हते.

पुढे घडले ते युद्धखात्यात. वॉशिंग्टनला अमेरिकन सैन्याची एक प्रयोगशाळा तोफगोळ्यांचे फ्यूज करण्यात गुंतलेली होती. गोळा लक्ष्याच्या जवळ पोचताच स्वतःहून फुटावा यासाठी त्याच्या नाकात एक इवलेसे रेडिओयंत्र बसवायचे, आणि गोळा जितका लहान तितके यंत्र लहान हवे. ट्रान्झिस्टर नुकते निघाले होते, पण ते घडवताना नको तो भाग आम्लाने खाऊन टाकण्यापूर्वी हव्या त्या भागावर मेणाचा ठिपका हाताने ठेवावा लागे. हाताने किती लहान ठिपका ठेवणार? जे लॅथ्रप आणि जेम्स नॉल या दोघांनी १९५७ च्या सुमारास कोडॅककडून छपाईवाल्यांचा लेप मागवला. मग लॅथ्रपने सूक्ष्मदर्शक उलटा वापरला. लहान वस्तू मोठी दाखवणे हे त्याचे काम. उलट्या बाजूने पाहिले तर मोठे चित्र तो लहान करून टाकतो. मोठी आकृती वर, लेप चढवलेला जर्मेनियमचा तुकडा खाली, मध्ये उलटा सूक्ष्मदर्शक. हाताला कधी जमली नसती इतकी बारीक आकृती प्रकाशाने काढली. सैन्यखात्याने दोघांना मिळून २५ हजार डॉलर बक्षीस दिले; लॅथ्रपने आपल्या वाट्यातून घरासाठी मोटार घेतली म्हणतात. या रीतीला त्यांनी नाव दिले फोटोलिथोग्राफी, म्हणजे प्रकाशाचा शिळाछाप. त्यात दगड नव्हता, शाई नव्हती, कागदही नव्हता. नाव मात्र चिकटले ते आजतागायत. त्याच सुमारास बेल प्रयोगशाळेत ज्यूल्स अँड्रस हाही कोडॅकचाच लेप घेऊन सिलिकॉनवर हेच करून पाहत होता, हेही नोंदवले पाहिजे. श्रेय एकट्यादुकट्याचे क्वचितच असते.

१९५९ मध्ये फेअरचाइल्ड कंपनीत झां एर्नी याने सिलिकॉनच्या चकतीवर ऑक्साइडची साय धरू देऊन तिच्यात लेपाच्या साहाय्याने खिडक्या पाडण्याची रीत बसवली, आणि रॉबर्ट नॉइस याने तीवरून एकाच तुकड्यावर सबंध मंडळ करण्याचा मार्ग दाखवला. आता ट्रान्झिस्टर एकेक करून घडवायचे कारण उरले नाही. ते छापायचे. एका चकतीवर शेकडो, मग हजारो. घडणावळ आणि छपाई यांत जो फरक आहे तो गुटेनबर्गच्या वेळी पुस्तकांना लागू पडला. या वेळी यंत्रांना लागू पडला. चिप स्वस्त का झाली, याचे उत्तर माझ्या मते प्रथम इथे आहे, बाकीच्या गोष्टी नंतर.

कोडॅकचा दालचिनीचा लेप ऑक्साइडला नीट चिकटत नव्हता. तेव्हा कोडॅकनेच रबराचा लेप काढला: रबराच्या जातीचे बहुवारिक, त्यात ॲझाइड नावाचे उजेडाला बुजणारे रसायन. या रबरी लेपाने १९६० चे सगळे दशक सांभाळले. पण रबर ते रबर. धुताना द्रावकात ते फुगे, रेघेच्या कडा नागमोडी होत, शेजारच्या रेघा एकमेकींना भिडत. साधारण दोन मायक्रॉनच्या, म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसाव्या-चाळिसाव्या हिश्शाच्या खाली ते उतरेना. मायक्रॉनची ही भिंत ओलांडण्यासाठी दुसरा लेप लागला, आणि त्याची कुळकथा या सबंध प्रकरणात मला सर्वांत रसाळ वाटते.

लिओ बेकलंड हे नाव आपल्याला बेकलाइटमुळे ठाऊक आहे. हा गृहस्थ मूळचा बेल्जियमचा, आणि त्याचा पहिला धंदा छायाचित्राच्या कागदाचा. 'व्हेलॉक्स' नावाचा त्याचा कागद कोडॅकच्या ईस्टमनने १८९९ मध्ये विकत घेतला, आणि त्या पैशावर बेकलंड स्वस्थ प्रयोग करत बसला. प्रयोग कशाचे? लाखेला पर्याय शोधण्याचे. विजेच्या तारांना, यंत्रांना, रोगणाला लाख हवी होती. लाख यायची हिंदुस्थानातून, किड्यांच्या सवडीने. फिनॉल आणि फॉर्मॅल्डिहाइड एकत्र शिजवून त्याने आधी एक विरघळणारी राळ केली. तिचे नाव नोव्होलॅक. यातला 'लॅक' म्हणजे आपल्या लाखेवरून युरोपात गेलेला शब्द, आणि 'नोव्हो' म्हणजे नवे. ही नवी लाख बाजारात फारशी खपली नाही. तीच दिशा धरून पुढे १९०७ मध्ये बेकलाइट निघाले आणि नोव्होलॅक मागे पडली.

आता जर्मनीत चला. ऱ्हाईनकाठी वीसबाडेनला काले नावाची कंपनी होती. इंजिनियर आणि वास्तुशिल्पी नकाशांच्या प्रती काढायला जो ओझालिड कागद वापरीत तो तिचा. आपल्याकडे घराच्या नकाशाची प्रत काढायला 'अमोनिया प्रिंट काढून आणा' असे सांगत, ती त्याच घराण्यातली. त्या कंपनीतला ऑस्कर झ्यूस डायॲझो वर्गातल्या रसायनांचा प्रकाशात कसा कायापालट होतो याचा अभ्यास करी. १९४४ मध्ये, युद्ध ऐन भरात असताना, त्याने त्यावरचा आपला निबंध प्रसिद्ध केला. ते रसायन नोव्होलॅकमध्ये मिसळले की एक चमत्कार होतो. नोव्होलॅक एरवी सोड्यासारख्या अल्कलीच्या पाण्यात सहज विरघळते. पण हे रसायन तिच्या दाराला कुलूप घालते. उजेड पडला की त्या रसायनाचेच आम्ल बनते, कुलूप उघडते आणि लेप पाण्यात वाहून जातो. म्हणजे आजवरच्या लेपांच्या बरोबर उलट! उजेडाने घट्ट होत नाही, सुटतो. आणि पाण्यात धुतला जात असल्यामुळे रबरासारखा फुगत नाही. रेघ चाकूने कापल्यासारखी येते. कालेने हा लेप छपाईच्या ऑफसेट पत्र्यांसाठी केला होता. अमेरिकेत ॲझोप्लेट या शाखेमार्फत तो गेला. बाटलीवरची 'एझेड' ही अक्षरे त्याच नावाची. १९७० नंतर चिपच्या कारखान्यांनी रबर सोडून तो धरला आणि पुढची वीस-पंचवीस वर्षे जगातल्या बहुतेक चिपा त्याच्यावर छापल्या गेल्या. लाखेची जागा घ्यायला निघालेली आणि बाजारात पडून राहिलेली राळ अशी सत्तर वर्षांनी सिंहासनावर बसली.

तिलाही मर्यादा होतीच. रेघ बारीक करायची तर प्रकाशाच्या लाटा आखूड हव्या, म्हणजे अतिनील प्रकाश हवा. आणि त्या टोकाला दिव्यांचा उजेड अगदी मंद पडत होता. लेप शंभरपट तिखट असल्याखेरीज निभाव लागणार नव्हता. सॅन होजे येथे आयबीएमच्या प्रयोगशाळेत ग्रँट विलसन, झां फ्रेशे आणि हिरोशी इतो यांनी १९८० नंतरच्या दोनतीन वर्षांत तोडगा काढला. प्रकाशाने सगळे काम करायचेच नाही. प्रकाशाने फक्त आम्लाचा एक कण जन्माला घालायचा. मग लेप किंचित तापवला की तो कण शेकडो ठिकाणी जाऊन साखळीवरची कुलुपे उघडत फिरतो आणि स्वतः खर्ची पडत नाही. पातेलेभर दुधाला चमचाभर विरजण पुरते, तशी ही गोष्ट. पण विरजण म्हटले की सोवळेही आलेच. हवेत अमोनियाच्या जातीचा वास नाकाला लागणारही नाही इतका, अब्जात काही थोडे भाग असला, तरी ते आम्ल मारले जाई आणि रेघांच्या माथ्यावर टोप्या चढत. कारखान्यांना हवा रसायनांच्या चाळणीतून गाळून घ्यावी लागली. विलसन आणि फ्रेशे यांना या कामासाठी २०१३ मध्ये जपान पारितोषिक मिळाले. इतो तोवर हयात नव्हते.

मधल्या मध्ये जुना सरस मेला असे मात्र समजू नका. १९६८ पासून डायक्रोमेट घातलेल्या जिलेटिनवर होलोग्राम घेऊ लागले, आणि विमानाच्या चालकाला समोरच्या काचेतच आकडे दिसावेत यासाठी जी काच लागते तिच्यात टॉल्बटचा तो लेप पुन्हा मानाने बसला. इथे तर त्याला धुऊनही टाकत नाहीत!

आता अलीकडचे. चिपच्या गोष्टीत आपण नेहमी यंत्रांची नावे ऐकतो, कोट्यवधी डॉलरची यंत्रे, अमुक नॅनोमीटर, तमुक नॅनोमीटर. लेपाचे नाव कुणी घेत नाही, तो बिघडेपर्यंत. २०१९ च्या जानेवारी-फेब्रुवारीत तैवानच्या टीएसएमसी कंपनीत रसायनाच्या एका पुरवठादाराकडून आलेल्या रेझिस्टच्या एका घाण्यात एका घटकावरची प्रक्रिया बिनसली आणि नको ते बहुवारिक तयार झाले. चकत्यांच्या चकत्या मोडीत काढाव्या लागल्या. त्या तिमाहीचे उत्पन्न सुमारे ५५ कोटी डॉलरने घटेल असे कंपनीला जाहीर करावे लागले. एका घाण्याचा हा हिशेब.

आणि त्याच वर्षी जुलैत जपान आणि दक्षिण कोरिया यांचे बिनसले. भांडणाच्या मुळाशी होती १९४५ पूर्वी जपानी कारखान्यांत जबरीने राबवल्या गेलेल्या कोरियन मजुरांची भरपाई, म्हणजे चक्क इतिहासाचा तंटा. जपानने तीन रसायनांच्या निर्यातीवर कडक परवाने लावले. त्यांतले एक म्हणजे साडेतेरा नॅनोमीटरच्या अतितीव्र अतिनील प्रकाशासाठी लागणारा रेझिस्ट. जगात हा लेप करणाऱ्या कंपन्या बहुतेक सगळ्या जपानी. त्यांतली जेएसआर ही १९५७ मध्ये कृत्रिम रबराचा कारखाना म्हणून सुरू झाली होती, आणि रबराचे लेपाशी नाते काय ते आपण पाहिलेच. कोरियाजवळ पैसा होता, यंत्रे होती, जगातले उत्तम कारागीर होते. बाटली नव्हती. धान्यासारखी ती कोठारात भरूनही ठेवता येत नाही. थंड ठिकाणी जपली तरी महिन्यांच्या हिशेबाने तिचे आयुष्य संपते. सकाळी घोटलेला लेप संध्याकाळी वाया जायचा, ती जुनी खोड गेली ती पुरती गेली नव्हतीच.

पहिला परवाना ऑगस्टमध्ये सुटला. निर्बंध उठायला २०२३ चा मार्च उजाडला. मधल्या काळात, २०२० च्या जानेवारीत, अमेरिकेच्या ड्यूपाँट कंपनीने हा लेप कोरियात चोनान येथे करण्याचे जाहीर केले, आणि कोरियन कंपन्याही आपापल्या भट्ट्या पेटवून बसल्या. आपल्याकडे धोलेऱ्याला टाटांच्या चिपच्या कारखान्याची कोनशिला १३ मार्च २०२४ रोजी बसली. त्या कारखान्यातही लेप चढवण्याचे एक दालन असणार, आणि त्यात पिवळा दिवा.